रुद्रम्मानं बुजवलेली फट

लोहाऱ्याजवळच्या त्या गावात पक्क्या घरात ज्वारीची पोती राहतात आणि माणसं शेजारच्या पत्र्याच्या शेडात निजतात. बाहेरच्याला हसू येईल, येऊ दे. भूकंपानंतर तिथं हेच चालत आलंय. पत्रा अंगावर पडला तर खोक पडते, जीव जात नाही, असा साधा हिशोब. रुद्रम्माचाही तोच. भूकंपाच्या पहाटे तिचं दगडामातीचं घर बसलं आणि पाळण्यातली तान्ही लेक शिवप्रिया त्याच्याखाली गेली. त्यानंतर रुद्रम्मा पक्क्या घरात कधी झोपली नाही.

तिचा लेक सोमेश पुढं काही वर्षांनी झाला. आता लोहाऱ्यात त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. बायकोला, शिवकांताला, दिवस गेले तसं त्यानं लोखंडी सांगाड्याचं घर बांधायला काढलं. नुसते खांब आणि तुळया उभ्या होत्या, तेव्हा रुद्रम्मा दुपारची तिथं जाऊन बसायची. भिंतीच नाहीत, म्हणजे पडायला काही नाही! तुळयांच्या चौकटीतून ढग सावकाश जायचे. तिचा डोळा लागायचा आणि स्वप्नात ते घर शेतातल्या ज्वारीच्या ताटासारखं डुलायचं. स्वप्नात भीती वाटायची नाही, याचं तिलाच नवल. जाग आली की मात्र ती खांबाला हात लावून बघायची. घर हलतं म्हणजे पडतं, एवढंच तिला ठाऊक होतं.

"घर हुईल, पर अव्वा येतील का ऱ्हायाला?" बाळंतपणाला माहेरी जाताना शिवकांतानं सासूबद्दल विचारलं होतं. लेकरू घरात आणि आई एकटी पत्र्यात, हे सोमेशला सोसणार नव्हतं.

शिवकांताला मुलगी झाली. इकडं भिंती उभ्या राहिल्या आणि रुद्रम्माच्या नजरेस एक गोष्ट पडली. प्रत्येक भिंत आणि खांब यांच्यामध्ये बोटभर फट! त्या गावच्या बायकांना भूकंपापासून भिंतीतली चीर बघवत नाही. दिसली की हातातलं काम टाकून लिंपायची. सोमेश दुकानात गेलेला बघून रुद्रम्मानं उरलंसुरलं सिमेंट कालवलं, थापी घेतली आणि सगळ्या फटी ठासून भरल्या. वर हात फिरवून गुळगुळीत केलं आणि लेक कौतुक करील म्हणून वाट बघत बसली.

सोमेशनं आल्या आल्या कपाळावर हात मारला. "अव्वा, काय केलंस ह्ये?"

"मिस्त्रीनं काम चुकवलं, म्या नीट केलं. मलाच बोलतूस व्हय?"

सोमेशला हसावं की रडावं कळेना. तो तिच्याजवळ उकिडवा बसला. "अगं, ती फट म्याच ठिवायला लावली. त्यात मऊ फोम भरून वरून पट्टी मारायची हाय. जमीन हालली की सांगाडा डुलनार. लई जोर आला तर लोखंड वाकंल, पर दगडावानी फुटनार न्हाय. भिंतीनं त्याला आवळून धरलं तर भिंत फुटंल, अन् खांबाला नको तिथं धक्का बसंल."

"म्हंजी घर हालनार?"

"हालनार. त्याला हालाया जागा दिलीया, अव्वा."

रुद्रम्माच्या जुन्या घराची भिंत हातभर जाड होती. वाऱ्यावावटळीत कधी तसूभर हलली नव्हती आणि त्याचा तिला केवढा अभिमान होता! त्या भिंतीला डुलता आलंच नाही. इतकी वर्षं ती जमिनीला शिव्या देत आली होती. आज पहिल्यांदा तिला भिंतीचा राग आला, आणि मग रडू आलं.

सोमेश माणूस लावतो म्हणाला, तर तिनं छिन्नी हातातून ओढून घेतली. सगळ्या फटी तिनं स्वतः मोकळ्या केल्या.

बारसं नव्या घरात ठरलं. लोखंडी तुळईला पाळणा टांगला. बायका जमल्या, आणि रुद्रम्मा मात्र उंबऱ्याबाहेरच उभी.

"नाव सांगाया आत्या कुठाय?" तामलवाडीहून आलेल्या एका पाहुणीनं विचारलं. तिला बिचारीला काय ठाऊक! सोमेशनं मान खाली घातली.

रुद्रम्मा उंबरा ओलांडून आत आली. तुळईखाली बसली आणि बाळाच्या कानाशी वाकली.

"म्या न्हाय सांगत, बाळा. तुजी आत्या शिवप्रिया सांगतीया. कुर्र... राजेश्वरी."

पंगत बसली तेव्हा ती तिथंच, पाळण्याची दोरी हातात धरून गाढ झोपली होती. शिवकांतानं तिला कुणाला उठवू दिलं नाही.