काळी म्हणजे कुठली काळी?

सुलोचना सिस्टरांची आणि माझी पहिली भेट एका दुपारी झाली आणि त्या भेटीत त्यांनी मला गप्प केलं. किडनीच्या आजारांचा डॉक्टर म्हणून मी साताऱ्याकडून नुकताच रत्नागिरीत आलो होतो. घाटावरच्या खणखणीत आवाजात 'नमस्कार मंडळी' म्हणत डायलिसिसच्या हॉलमध्ये शिरलो, तर कुणी उत्तरच देईना. आठ खाटांवर आठ माणसं डोळे मिटून पडली होती. यंत्रं एका सुरात घुमत होती आणि खाडीवरचा उजेड छतावर हलत होता. पांढऱ्या गणवेशातल्या एक बाई लगबगीने जवळ आल्या आणि म्हणाल्या, "सर, जरा हळू. सगळे पाणी पितायत."

मी पाहिलं. कुणाच्या हातात पेला नव्हता. मग त्यांनीच मला बाजूला नेऊन समजावलं. या माणसांना दिवसभराचं पाणी मोजून प्यावं लागतं, तहान जिभेवर घेऊनच ती जगतात. चार तास यंत्राला जोडलेली असताना डोळा लागला की स्वप्नात मात्र पोटभर पितात. कुणी आजोळच्या विहिरीवर असतं, कुणी गावच्या ओढ्यात तोंड बुडवून असतं. जाग आली की सिस्टर विचारायच्या, "आज कुठलं पाणी?" आणि ती माणसं सांगायची. एवढी वर्षं शिकून मी कुठल्याही पेशंटला असला प्रश्न कधी विचारला नव्हता.

सिस्टरांनी यंदा साठी गाठली आणि त्या निवृत्त झाल्या. गौरवग्रंथासाठी चार शब्द लिहा, असं समितीने मला सांगितलं. त्यांच्या शिस्तीबद्दल, स्वच्छतेबद्दल आणि हातच्या सुईबद्दल इतर सहकारी लिहितीलच. त्यांनी टोचलेली सुई दुखत नाही, हे मी पेशंटांकडून इतक्यांदा ऐकलंय की स्वतः एकदा टोचून घ्यावी असं वाटायचं. पण मला लिहायचंय ते त्यानंतरच्या एका दुपारबद्दल. ती दुपार मी आजवर जशी सांगत आलो, तशी ती घडली नव्हती.

दत्तारामकाका आमचे जुने पेशंट. उभा जन्म त्यांनी खाडीकाठी होड्या दुरुस्त करण्यात घालवला. फळ्यांच्या फटी बुजवायच्या, वर गरम डांबर फासायचं. हातांच्या रेघांमध्ये बसलेलं डांबर किडनी गेल्यावरही तसंच होतं. आठवड्यातून तीनदा त्यांच्या पत्नी त्यांना घेऊन यायच्या. सगळे त्यांना काकू म्हणायचे. एरवी काका यंत्राला जोडले की पाच मिनिटांत घोरू लागायचे. त्या दुपारी ते आले तेच पांढरेफटक, बोलता बोलता डोळे मिटणारे. हिमोग्लोबिन महिनाभर घसरत होतं.

किडनीच्या आजारात रक्त कमी होतंच. मी रक्तवाढीचं इंजेक्शन वाढवलं, लोहाची गोळी आधीच सुरू होती. "गोळीने संडास काळी होते, घाबरायचं नाही," हे मी प्रत्येकाला सांगायचो तसं काकांनाही सांगून ठेवलं होतं. आज ते वाक्य आठवलं की मला माझीच लाज वाटते. किडनी काम करेनाशी झाली की रक्त नीट गोठत नाही, जठरातलं आणि आतड्यातलं नाजूक अस्तर चटकन झिरपू लागतं. पोटात दुखतंच असं नाही. माणूस आतल्या आत गळत राहतो आणि बाहेर दिसते ती फक्त काळी संडास. तिच्याकडे बघूच नका, असं मीच सांगून बसलो होतो.

"सिस्टर, सुरू करा," म्हणून मी पुढच्या खाटेकडे वळलो. यंत्रात रक्त गोठू नये म्हणून सुरुवातीला हेपरिन द्यावं लागतं. त्याची सिरिंज त्यांच्या हातात होती. त्या काकांजवळच्या स्टुलावर बसल्या, पडदा ओढून घेतला आणि हळूच विचारू लागल्या. पडद्याबाहेर मला सगळं ऐकू येत होतं.

"काका, परसाकडला कशी होते?"

"काळी."

"काळी म्हणजे कुठली काळी?"

काका म्हणाले, "आदी गोळीची व्हती. आता चार दिस होडीची हाय."

"होडीची म्हणजे?"

"डांबर. चकाकता, चिकाटता. पानी वतला तरी जाईत नाय."

"मग डॉक्टरांना का नाही सांगितलंत?"

"त्येनी इचारलान, काळी हाय का? मी बोललो, हाय. काळीच तर हाय."

सिस्टरांनी आणखी एक विचारलं. सकाळी चहाबरोबर काय घेता? काका म्हणाले, गुडघ्याची गोळी, महिनाभर. मी पडदा बाजूला करून जरा चिडूनच म्हटलं, "औषध काही घेता का म्हणून मी विचारलं, तेव्हा नाही म्हणालात!" काका शांतपणे म्हणाले, "ता औषद नाय. ती गोळी." दुखण्याची गोळी जठराला कुरतडते, किडनीच्या पेशंटने ती घ्यायचीच नसते. पण बाजारातल्या गोळीला इथे कुणी औषध म्हणत नाही, हे मला ठाऊक नव्हतं.

सिस्टरांनी हातातली सिरिंज ट्रेमध्ये परत ठेवली. "सर, मशीन लावते. पण हे नको."

खरं सांगतो, मला राग आला. नव्या डॉक्टरला सगळ्यांसमोर नर्सने अडवायचं? मी म्हटलं, "रक्त मशीनमध्ये गोठेल." त्या म्हणाल्या, "गोठू देणार नाही. थोड्या थोड्या वेळाने सलाईन सोडून धूत राहीन. मी इथून उठत नाही, सर. तुम्ही तेवढं रक्त तपासायला पाठवा." त्यांचा आवाज तसाच होता, झोपलेल्यांना जाग येऊ नये इतपत. काकू खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहून आमच्या दोघांकडे पाहत होत्या.

मी रक्त पाठवलं. रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन आणखी खाली कोसळलेलं होतं. हेपरिन गेलं असतं, तर आतलं रक्त थांबलंच नसतं आणि काका त्या खाटेवरून उठले नसते. दुसऱ्या दिवशी एंडोस्कोपी झाली. जठरात व्रण होता आणि त्याच्या तळाशी एक बारीक रक्तवाहिनी झिरपत होती. ती तिथल्या तिथे बंद केली, रक्त चढवलं, काका वाचले. त्या दुपारी सिस्टर चार तास स्टुलावरून हलल्या नव्हत्या, पाणी प्यायलाही नाही. केसपेपरवर मात्र माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे, 'हेपरिनशिवाय डायलिसिस करावे', आणि खाली माझी सही.

आठवड्याने काकू माझ्यासमोर हात जोडून उभ्या राहिल्या. "डॉक्टर, तुमी होतात म्हनून." सिस्टर पलीकडे चादर नीट करत होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी वर पाहिलं नाही, आणि मी ते श्रेय घेतलं. पुढे चिपळूणला डॉक्टरांच्या एका बैठकीत हीच हकीकत 'मी विचारलं' असं म्हणून सांगितली. टाळ्या पडल्या. घरी येताना मला त्या गोड लागल्या, हेही इथे लिहून ठेवतो.

सिस्टरांनी त्या दिवसानंतर एक वही सुरू केली. पेशंट आपापल्या कामाधंद्यातून 'काळी'चं जे वर्णन करतील ते तिच्यात उतरायचं. तव्याची, काजळाची, जांभळाची. दापोलीकडचे एक नर्सरीवाले म्हणाले होते, भिजल्या मातीची. पेशंटने नेहमीपेक्षा वेगळी काळी सांगितली की त्याच दिवशी रक्त तपासायचं, आणि होडीची ऐकली की मशीनला हात लावण्याआधी डॉक्टरला बोलवायचं. संगमेश्वरच्या एक लाजाळू काकी कुणाशीच बोलत नसत. त्यांना सिस्टर घरून चार काळ्या रंगांच्या चिंध्या आणून दाखवायच्या आणि त्या नुसतं बोट ठेवायच्या. दोनदा त्या बोटाने आम्हाला वेळेत सावध केलं. नव्या नर्स आज आधी ती वही वाचतात, मग यंत्राचं पुस्तक.

दत्तारामकाका पुढे सात वर्षं जगले. नातीचं बारसं, तिची शाळा, सगळं त्यांनी पाहिलं आणि एका दुपारी ते घरीच, झोपेत गेले.

हा लेख लिहायला घेतल्यावर पहिल्यांदा मी काकूंना भेटायला गेलो. छापून येण्याआधी त्यांना माझ्या तोंडून कळावं असं वाटलं. त्या ओटीवर बसल्या होत्या. मी अडखळत सगळं सांगितलं. तो निर्णय माझा नव्हता, सिस्टरांचा होता, मी तर विरोधच केला होता. काकूंनी ऐकून घेतलं, मला कोकम सरबत दिलं आणि म्हणाल्या, "ता मना तवाच म्हायत हाय. मी थयच उबी व्हती."

"मग माझे आभार का मानलेत?"

"सिस्टरनी सांगितलानी. बोलल्या, काकू, आदीचे दोन डॉक्टर वर्साच्या आत सोडून गेले. ह्यो बी गेला तर तुमी समदी आटवड्यातून तीनदा घाट चडून कोल्हापूरला जाल. त्येला टिकवायचा हाय. तुमी जावा आनि हात जोडा."

खरं तर त्या वर्षी मी राजीनामा लिहून ठेवला होता. काकूंनी हात जोडले त्या संध्याकाळी फाडला.

सुलोचना सिस्टर, हे तुम्ही मला कधीच सांगितलं नसतंत, म्हणून मीच सगळ्यांसमोर सांगतोय. तुम्ही मला टिकवलंत. आता या गावाने तुम्हाला टिकवावं, खूप वर्षं, धडधाकट आणि हसतमुख, एवढंच माझं मागणं.