अण्णांच्या पायाचं माप

चहा येऊ द्या, मग सांगतो. आणि हसायचं असेल तर मनमोकळं हसा, मला राग येत नाही. आता काय यायचाय राग? सगळ्या उमरग्यानं हसून झालंय. हायवेवर ट्रक थांबवून लोक माझ्या गॅरेजात डोकावून गेले, "पायवाला मिस्तरी तूच का?" म्हणून. आता तुमीच तेवढे राहिला होता.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. जुन्या फटफट्या. ज्यांचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असतो त्या. आता सगळं उलटं झालं, पण ज्यांचे पाय त्या जुन्या गाडीवर तयार झाले, त्यांना नवीन गाडी कशी जमायची? तर अशा लोकांना मी पायाच्या मापानं सामान करून देतो. कुणाचा गुडघा धरला, कुणाची टाच उचलत नाही, कुणाचं पोट मधी येतं. फूटरेस्ट पुढं घ्यायचा, गिअरची दांडी वाकवायची, ब्रेकचं पायडल लांबवायचं. दुकानात असलं काही मिळत नाही, घडवावं लागतं.

आणि माझी एक पद्धत होती. होती म्हणतोय, लक्षात ठेवा. बाकीचे मिस्तरी आधी गाडी बघतात. मी म्हणायचो, आधी माणूस, मग गाडी! शिंपी काय आधी शिलाई मशीन बघतो का? गिऱ्हाईकाला स्टुलावर बसवायचं, आपण समोर फरशीवर मांडी घालायची, टेप काढायचा, आणि मापं खडूनं भिंतीवर लिहायची. ती भिंत मी पावण्यारावळ्यांना सुद्धा दाखवायचो.

तर एका मंगळवारी बसवंतअण्णा आले. पासष्टीचा माणूस, इथनं चार-पाच किलोमीटर आत मळ्यात घर. बोलणं अर्धं कानडी, अर्धं मराठी. फटफटी टेंपोत घालून आणली होती, कारण अण्णांचा एक पाय वर्षापासनं ताठ झाला होता. गुडघा वाकेना, पंजा वर उचलेना. बरोबर काकू होत्या, म्हणजे अण्णांच्या मंडळी.

ह्या दोघांचा एक नेम होता. दर रविवारी फटफटीवर अणदूरला खंडोबाला जायचं, आणि वर्षातले थोडे दिवस देव नळदुर्गात मुक्कामाला गेला की तिथं जायचं. काकू मागं एका बाजूनं बसणार, मांडीवर नारळाची पिशवी. वर्षभर ते बंद. गाडी चादरीखाली. आणि आता हैदराबादचा मुलगा म्हणत होता, विकून टाका. सोलापूरचा एक जण जुन्या गाड्या जमवतो, तो सोमवारी बघायला येणार होता.

"पोरगा म्हणला," अण्णांनी सांगितलं, "रविवारी अणदूरला जाऊन येऊन दाखवा. जमलं तर गाडी ठेवू. न्हाय जमलं तर सोमवारी देऊन टाकू."

एवढं बोलून अण्णा टेंपोतल्या गाडीकडं बघत राहिले. मला गलबलून आलं, खोटं कशाला बोलू?

"अण्णा, शनिवारी गाडी तुमच्या दारात," मी म्हणलं. "बसा स्टुलावर."

"आधी ऐक, तो गिअर हाय न्हवं—"

"अण्णा! गाडीचं बोलायचं न्हाय. आधी पाय."

अण्णा स्टुलावर टेकले. मी समोर मांडी घातली. "कुठला पाय?"

"ह्यो." अण्णांनी गुडघ्यावर थाप मारली.

माझ्या डाव्या अंगाला होता तो पाय. मी भिंतीवर लिहिलं : डावा. ताठ. पंजा उचलत न्हाय.

हसलात ना? थांबा, अजून गाडी सुरू पण झाली नाही. तुमच्या समोर बसलेल्या माणसाचा डावा-उजवा मनात उलटा करायचा असतो, हे शेंबड्या पोराला कळतं. मला पण कळतं. पण त्या दिवशी पाय अण्णांचा होता आणि बाजू माझी, एवढंच झालं. लंगडण्यावरनं कळायला पाहिजे होतं म्हणाल, तर माणूस लंगडतोय हे दिसतं, पण कुठल्या पायानं हे चटकन सांगता येत नाही. बघा कधी करून.

दोन्ही पायांची मापं भिंतीवर चढली. सुताएवढी चूक नाही. निघताना काकू भिंतीपुढं उभ्या राहिल्या. त्यांना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं.

"दत्ता, काय लिहिलंस ते एकदा वाचून तर दाखव की."

"काकू," मी म्हणलं, "डॉक्टरला चिठ्ठी वाचून दाखवायला लावता का?"

टेंपोत बसून दोघं गेली, गाडी माझ्याकडं राहिली.

मी कामाला लागलो. डावा पाय ताठ, म्हणजे ब्रेकचा पाय ताठ. मग काय करायचं? डावा फूटरेस्ट चांगला वीतभर पुढं आणि खाली घेतला, म्हणजे पाय सरळ राहील. त्यासाठी मूळचा कान, म्हणजे फूटरेस्ट धरणारा फ्रेमचा तुकडा, कापून टाकला आणि फ्रेमला नवीन पट्टी वेल्ड केली. ब्रेकचं पायडल तितकंच पुढं ओढलं आणि असं वाकवलं की नुसती टाच टेकवली की ब्रेक लागावा. मग घासलं, पॉलिश केलं. बाजूचा टायरवाला बघून गेला आणि बोलला नाही, म्हणजे ओळखा कसं झालं असेल. उजवीकडं गिअरला मी हात सुद्धा लावला नाही. चांगल्या पायाला कशाला त्रास?

गुरुवारी अण्णांचा फोन.

"एनप्पा, काय रं, झालं का? गिअर हलका पडतुय का बघ बाबा."

"गिअरचं काय घेऊन बसलाय अण्णा? तुमचं दुखणं ब्रेकचं हाय."

"ब्रेकचं?"

"मग! असा ब्रेक केलाय, नुसतं टेकवायचं काम."

"पर ब्रेक तर मला बराबर लागत हुता रं..."

"तुमाला वाटत हुतं तसं."

मग अण्णा हळूच म्हणाले, "बरं बाबा. तुला कळतंय ते कर."

सांगा, ह्यापेक्षा आणखी काय सांगायला पाहिजे होतं त्या माणसानं? पण मोठी माणसं बावरतात, असं मी मनात म्हणलं आणि अण्णांची मला दया आली. दया! मला!

शुक्रवारी गॅरेजापुढं एक फेरी मारली. डावा पाय लांब करून ब्रेकला टेकवताना कमरेत कळ आली. दुसरा कुणी असता तर त्याला शंका आली असती. मी म्हणलं, आपला पाय धडधाकट आहे, आपल्याला कसं सोयीचं वाटेल? हे ताठ पायाचं सामान आहे, ताठ पायालाच सोयीचं.

शनिवारी सकाळी गाडी घेऊन मळ्यात निघालो. वाटेत ब्रेक फारसा लावावाच लागला नाही, कच्चा रस्ता, हळूहळू चाललो होतो. अण्णांचं घर दिसलं तसा मला जोर आला. अंगणात काकूंनी रांगोळी काढली होती, हातात नारळ होता. अण्णा इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर उभे. आता एवढी तयारी केल्यावर आपण काय ढकलत ढकलत जायचं? मी गाडी ताणली. रांगोळीच्या अलीकडं टेचात थांबायचं ठरवलं होतं.

डावा पाय दाबला. खाली काहीच नाही.

अहो, वीस वर्षं तो पाय एका जागी ब्रेक दाबतोय! ब्रेक पुढं नेलाय हे मला माहीत होतं, पायाला कुणी सांगितलं होतं? दाबला, नुसती हवा. परत दाबला, परत हवा. पुढचा ब्रेक ओढला, पण ह्या गाड्यांचा पुढचा ब्रेक म्हणजे नुसता मानाला असतो. रांगोळीवरनं गेलो. काकू बाजूला झाल्या म्हणून बरं. अण्णांच्या समोरनं गेलो, त्यांनी हात वर केला होता तो तसाच राहिला. समोर कडब्याची गंजी होती, तिच्यात शिरून थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण गंजीच्या अलीकडं डाव्या अंगाला म्हशीची दगडी गव्हाण होती. तवर माझा डावा पाय ब्रेक शोधत शोधत पुढं गेला होता. तो गव्हाणीला लागला.

काड असा आवाज आला. मला वाटलं कडबा मोडला.

गाडी कडब्यावर आडवी, तिला ओरखडा नाही. मी खाली मातीत. गव्हाणीपलीकडची म्हैस माझ्याकडं बघतीय. आणि ओट्यावरनं अण्णा पाय ओढत धावत येतायत. माझं डोकं जमिनीला होतं, त्यामुळं अण्णांचे पाय बरोबर डोळ्यांसमोर. एक पाऊल पडतंय आणि दुसरं मातीत रेघ ओढतंय. एक पाऊल, एक रेघ. मी बघत राहिलो. मग पडल्या पडल्याच माझा जेवायचा हात वर केला, त्याच्याकडं बघितलं, अण्णांच्या पायाकडं बघितलं.

"अण्णा," मी म्हणलं, "जरा पाठ करून उभं राहता का?"

"अय्यय्यो! लई लागलं का रं डोस्क्याला?"

"न्हाय. तुमी पाठ करा."

म्हातारा माणूस बिचारा घाबरून पाठमोरा उभा राहिला. मी परत हात वर करून बघितला.

"अण्णा, तुमचा ह्यो पाय उजवा हाय!"

"व्हय की," अण्णा तसेच पाठमोरे म्हणाले. "आधीपासनं उजवाच हाय त्यो."

काकू नारळ घेऊन जवळ आल्या. मला वाटलं आता माझ्यावरच फोडतात. त्यांनी नारळ गव्हाणीवर ठेवला आणि म्हणाल्या, "म्हणून म्हणलं हुतं, वाचून दाखव."

त्याच टेंपोत घालून मला उमरग्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "कुठला पाय?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागनं काकू : "डॉक्टरसाहेब, ह्याला इचारू नका. तुमीच बघा."

नडगीला चीर, गुडघ्याला मार. मांडीपासनं घोट्यापर्यंत प्लास्टर. पण खरं सांगू? पायापेक्षा जास्त मला रविवार दुखला. दिवसभर पडून होतो आणि डोळ्यापुढं तो इस्त्रीचा सदरा. अण्णांची गाडी माझ्यामुळं जाणार होती. पोराला दाखवायला एकच रविवार होता, तो मी गव्हाणीत घातला.

सोमवारी दुपारी अण्णा माझ्या घरी आले. बरोबर काकू आणि पेढ्यांचा पुडा. मी नजर चुकवायला लागलो.

"दत्ता, सौदा मोडला!"

"आँ?"

"सोलापूरवाला आला. गाडीभवती फिरला. डाव्या बाजूला बसून बघितलं आन् कपाळाला हात लावला. म्हणला, हिचा मूळ कान कुठं गेला? ही पट्टी कुणी मारली? आमाला गाडी जशीच्या तशी लागती म्हणला. चा न घेता गेला बघ."

"आणि मुलगा?"

"पोरगा म्हणला, आता हिला कोण घेतंय? ऱ्हाऊ द्या दारात."

अण्णांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडभर हसू. बघा, इथं मी गप बसायला पाहिजे होतं. पण पेढा तोंडात पडला आणि माझी जीभ सुटली.

"अण्णा, आता सांगायला हरकत न्हाय. म्या ते मुद्दामच केलं हुतं."

काकूंनी माझ्या प्लास्टरकडं बघितलं. "आन् ह्ये?"

मी दुसरा पेढा तोंडात कोंबला.

पुढच्या आठवड्यात गॅरेजात खुर्चीवर बसून, प्लास्टरचा पाय समोर डब्यावर ठेवून, मी अण्णांचं उजवीकडचं काम केलं. फूटरेस्ट पुढं, गिअरला मागं टाचेची दांडी, म्हणजे पंजा उचलायची गरजच नाही, दोन्हीकडनं नुसतं दाबायचं. ह्या वेळी अण्णा मापाला आले तेव्हा त्यांच्या पँटीच्या गुडघ्यावर खडूनं ठळक लिहिलं होतं : उजवा. अक्षर काकूंचं. आणि डावीकडचा ब्रेक मागं जागेवर नेऊ का विचारलं, तर अण्णा म्हणाले, "हात लावू नकोस! परत सोलापूरवाला आला म्हंजे?" तो पुढं नेलेला ब्रेक त्यांनी चार दिवसांत पायात बसवून घेतला.

त्या रविवारी दोघं अणदूरला जाऊन आली. येताना गॅरेजापुढं थांबली. अण्णांनी माझ्या कपाळाला भंडारा लावला, काकूंनी प्लास्टरला लावला. लई बरं वाटलं.

प्लास्टर निघालं, पण माझा गुडघा काही वाकेना. डॉक्टर म्हणाले, अजून दोन महिने असाच राहील. गॅरेजात सात गाड्या उभ्या, एकीवर बसता येईना. डावा पाय ठेवायचा कुठं? घरापासनं गॅरेजापर्यंत चालत, पाय ओढत, लोकांना दिसत दिसत जायचो.

अण्णांनी एक दिवस बघितलं. फटफटीची चावी माझ्या हातात दिली आणि काकूंना घेऊन बाजूच्या बाकावर बसले.

मी गाडीवर बसलो. डावा पाय सरळ पुढं गेला आणि फूटरेस्टवर टेकला, जसा काही तिथंच वाढला होता. टाच नुसती टेकवली, ब्रेक लागला. कमरेत कळ नाही, काही नाही. एवढं सोयीचं सामान मी आयुष्यात केलं नव्हतं.

अण्णा वाकून बघत होते. मग काकूंकडं वळून म्हणाले, "उगं बोललीस त्याला. माप अगदी बराबर घेतलं हुतं पोरानं. गिऱ्हाईक तेवढं चुकलं."