अर्थिंगचा खड्डा

कापसानं लागोपाठ दगा दिला त्या वर्षांतली गोष्ट. घाटंजीच्या आमच्या जुन्या घरात बाबांनी हौसेनं आणलेलं होम थिएटर नुसतं घूं घूं करायचं. हात लावला की झिणझिण्या यायच्या. दुकानात नेलं की मात्र नीट चालायचं. वैतागून बाबा ते काढून टाकायला निघाले होते.

शेवटी बाजारातून एक म्हातारे मिस्त्री आले. होम थिएटरकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. भिंतीवरून उतरलेल्या अर्थिंगच्या तारेवर बोट ठेवून ते हळूहळू ती तार पुरलेल्या अंगणातल्या खड्ड्यापर्यंत गेले आणि उकिडवे बसले. चिमटीत घेतलेली कोरडी माती भुरभुर उडाली.

"भाभी, थोडं पानी द्या."

आईनं तांब्या दिला. दोन घोट पिऊन उरलेलं त्यांनी खड्ड्यात ओतलं. दिवस टंचाईचे. आई चिडली, "पानी काहून सांडून राह्यले जी?"

"मशीन चांगली हाये, भाभी. तहान जमिनीले लागली. मी एकटाच कसा पेऊ?"

मग त्यांनी मीठ टाकून बादलीभर पाणी मुरवलं, ओल्या मातीत अर्थिंग लागलं आणि घूं घूं थांबलं.

होम थिएटर केव्हाच भंगारात गेलं. आई मात्र उन्हाळ्यात अजून रोज त्या खड्ड्यात थोडं पाणी ओतते. कुणी हटकलं तर म्हणते, "मिस्त्रीच्या तांब्यातलं उरलेलं हाये ते."