मिस्त्रींचं जपानी देऊळ

सांधा बसवला की मिस्त्री त्याला तळहाताने हळूच ढकलून पाहत. लाकूड डुगडुगायचं, आणि बघणाऱ्या आमचा जीव खालीवर. "हालू द्या, भाऊ. घाई काय शे?"

धुळ्याच्या आमच्या कॉलेजात ग्रंथालयाची कपाटं दुरुस्त करायला ते गावाहून एसटीने येत. एका डोळ्यात मोतीबिंदू, म्हणून निम्मं काम बोटांनीच. एकदा एका जाडजूड पुस्तकात त्यांना सहा-सातशे वर्षांपूर्वीचं जपानी देऊळ दिसलं आणि त्यांनी करवत खाली ठेवली. मी तिथला ग्रंथपाल, मी वाचून दाखवलं: छपराखालचे लाकडी आधार एकावर एक, नुसते खाचांत बसवलेले, भूकंपात सगळं हलतं, पण पडत नाही. एवढंच त्यांनी तीनदा वाचायला लावलं. त्या दिवशी कपाटांना हात लागला नाही. मीही घाई केली नाही, कारण असा ऐकणारा माणूस आमच्याकडे वर्षाकाठी एखादाच येतो.

मग त्यांनी घरी सागाच्या तुकड्यांतून गुडघ्याएवढं देऊळ केलं. खिळा नाही, गोंद नाही. कॉलेजच्या प्रदर्शनात ते मांडायचं ठरलं. मिस्त्री बायकोला घेऊन येणार होते. "तिले सांगसू, ढकल," म्हणाले.

आता माझं शहाणपण ऐका. आदल्या दिवशी त्यांनी देऊळ एसटीने पाठवलं; स्टँडवरून रिक्षातून नेताना ते डुगडुगलं आणि मी घाबरलो. पाहुण्यांसमोर कोसळलं तर? मी चार बारीक खिळे ठोकले आणि वर भुसा-गोंद घासून बुजवले. ही युक्ती मिस्त्रींचंच पाहून शिकलो होतो.

प्रदर्शनात मिस्त्रींच्या बायकोने, वहिनींनी, ढकललं. देऊळ हललं नाही. मिस्त्रींनी स्वतः ढकललं, सांध्यांवरून बोटं फिरवली, आणि बायकोला हळू आवाजात म्हणाले, "मनंच काहीतरी चुकनं." म्हणजे माझंच काहीतरी चुकलं.

मी शेजारीच उभा होतो. शब्द तोंडापर्यंत आले, पण समोरून प्राचार्य येत होते. नंतर सांगू म्हटलं. पुढच्या खेपेला सांगू म्हटलं. देऊळ कॉलेजातच राहिलं, मिस्त्री त्यानंतर आलेच नाहीत, आणि त्यांच्या गावी जायला मला कधी सवड झाली नाही. खरं सांगायचं तर सवड होती, तोंड नव्हतं.

यंदा ते गेल्याचं कळलं. तेव्हा गेलो. वहिनींना खिळ्यांचं सगळं सांगितलं. त्या मला मागच्या पडवीत घेऊन गेल्या. तिथे त्या देवळासारखेच लाकडी आधार, शेकड्यांनी, जोडून पुन्हा सोडवलेले.

"रोज एक करेत," त्या म्हणाल्या. "कोठे चुकनं, तेच धुंडेत."