नातीचा श्वास माझ्या छातीवर

माझी बायको सुईण होती. आमच्या मोखाड्याच्या डोंगरातली कितीतरी पोरं तिच्या हातावर जन्मली. नात व्हायच्या वर्षीच ती गेली. सुनेचे दिवस भरले, अडली, जव्हारच्या दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणाले, सिझर करावं लागेल. तेव्हा मी देवावर चिडलो. बायको नेलीस, आता पोरही नेणार काय? खरं सांगतो, त्या दिवशी मी हात जोडले नाहीत.

नात झाली, पण धापा टाकत होती. सिझरच्या पोराच्या छातीत कधी कधी पाणी राहतं, असं सिस्टर म्हणाली. नाकाला ऑक्सिजन लावला. पुढं नळी निघाली, तरी अंग गारच. सून तापानं फणफणलेली, मुलगा अजून वीटभट्टीवरून वाटेतच. मग सिस्टर मला म्हणाली, "बाबा, शर्ट काढा. उघड्या छातीवर घ्या हिला."

आमच्यात पाचवी पुजल्याशिवाय पुरुष बाळाला हात लावत नाही. बायकोनंच मला बाळंतिणीच्या दारातून किती वेळा हाकललं असेल. शेजारच्या खाटेपाशी नातवाला घेऊन बसलेली म्हातारी ओरडलीच, "अरं म्हाताऱ्या, पाचवी नाय झाली अजून! देव कोपंल ना!"

 मनात आमच्या धान्यदेवीला म्हटलं, कणसरी माते, कोपायचं तर माझ्यावर कोप. पोर तुझीच आहे, तुला वाटंल ते कर. आणि शर्ट काढला.

बेडकाच्या पिल्लाएवढी ती, छातीला चिकटली. तिचा श्वास लगालगा चाललेला. मी हललो नाही, खोकला आला तो गिळला. बसून बसून पाठ गारठली. तेवढ्यात पाठीवर ऊबदार काहीतरी पडलं. त्याच म्हातारीनं आपली गोधडी टाकली होती.

"तूच गारठलास तर पोरीला ऊब कुठली? आता बाळंतीण झालास, शेक पण देऊ काय तुला?"

"दे की," मी म्हटलं. सिस्टरसुद्धा हसली.

नातीचा श्वास सावकाश झाला. अंग कोमट झालं. मग सुनेच्या कुशीत दिली, तर ओढून ओढून दूध प्यायली.

आज ती अंगणात कोंबड्यांमागं धावते. गावात कुणी म्हणालं, सिझरची पोर नाजूक, तर मी छाती पुढं काढून सांगतो, या छातीवर ऊब घेतलीय तिनं. पण एकटा असलो की देवीपुढं डोकं टेकतो. मी नुसता बसून राहिलो होतो. श्वास तिनं दिला.