ताणावरच्या बागेतला लाल किरण

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी पीएच.डी.चं काम करत होते. घरी येणारे पाहुणे विषय विचारत आणि उत्तर ऐकून चहाकडे वळत. झाडांच्या शेंड्यांवर हवा कशी घुसळते, ते मला लेसरने मोजायचं होतं.

काम ऐकायला अवघड, बघायला साधं. संत्र्याच्या बागेच्या दोन टोकांना झाडांपेक्षा उंच, चाकांवर ओढता येणारी अशी दोन मचाणं. एकावरून लाल किरण सोडायचा, दुसऱ्यावर काळ्या डब्यात तो झेलायचा. वाटेतली हवा तापून वरखाली होत असेल तर डब्यातला ठिपका थरथरतो. ती थरथर एक पेन कागदाच्या गुंडाळीवर रेघेने उमटवतं. रेघ जितकी रुंद, तितकी हवेत खळबळ जास्त. मधल्या हवेला हात न लावता तिची अस्वस्थता कळते, हे मला फार आवडायचं. माणसांच्या बाबतीतही मी दुरूनच बघणं पसंत करायची.

बाग शहराबाहेर, हुडकेश्वरच्या पुढे होती. तेव्हा तिकडे सगळी शेतंच. बागेचे मालक आणि त्यांच्या पत्नी तिथेच राहत. मी त्यांना काका-काकू म्हणायची, पण त्याहून जास्त फारसं काही बोलायची नाही. कॉन्व्हेंटमधलं माझं मराठी ते हसण्यावारी नेतील, असं वाटायचं. माझ्या गप्प राहण्याला काकूंनी त्यांच्यापुरतं उत्तर शोधलं होतं. "पोरगी यंत्राशी बोलते, आपल्याशी काहून बोलन?"

आंबिया बहरासाठी, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्यासाठी, झाडांचं पाणी तोडलेलं होतं. याला ताण देणं म्हणतात. झाड पाण्यावाचून थोडं सुकलं की मग पाणी मिळताच फुलतं. मला कोरड्या बागेवरची मोजणी हवी होती, आणि ती चांगली चालली असतानाच पेनचं यंत्र बिघडलं. दुरुस्त होऊन आलं तेव्हा पाणी सोडायचा दिवस उद्यावर आला होता.

"पाणी आठवडाभर पुढे ढकलायला सांग," माझे मार्गदर्शक सर म्हणाले. "तू विचार. मुलीला ते नाही म्हणणार नाहीत."

सरांचं खरं होतं, म्हणूनच मला ते लागलं. पण माझीही अडचण होती. बाबांनी माझ्या लग्नाचं बोलणं उन्हाळ्यापर्यंत थांबवलं होतं. ही मोजणी हुकली तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत वाट बघावी लागणार, आणि तितका वेळ मला कोणी देणार नव्हतं.

मी काकांकडे गेले. ते विहिरीपाशी मोटर उघडून बसले होते, काकू पाना धरून उभ्या. मागच्या ओळीतली पानं कडेने वळून सुरळीसारखी झाली होती. दोन महिने त्यांच्या डोक्यावरून किरण सोडत होते, पण पानांकडे मी नीट पाहिलं नव्हतं. आणखी आठवडाभर हे झाड असंच ठेवा, असं सांगायला तोंड उघडेना.

"काय वं, काय म्हणतं?" काका म्हणाले. "मी काय वाघ आहो?"

"उद्या सगळ्या बागेला पाणी सोडणार?" मी भलतंच विचारलं.

"सगळ्या कोठून? हे मोटर आहे का कन्हान नदी? उद्या विहिरीकडच्या ओळी. पलीकडं जाता जाता हप्ता जाते."

"अन् लाईट गेली तं दोन हप्ते," काकू म्हणाल्या.

मी तिथेच उभी राहिले. म्हणजे आठवडाभर बाग अर्धी ओली, अर्धी कोरडी असणार होती. ऊन तेच, वारा तोच, फक्त जमीन वेगळी.

काका माझ्याकडे बघत होते. "तुह्या सायबानं पाणी थांबवाले सांगतलं ना?"

"हो."

"मंग विचारत काहून नाही?"

"मला थांबवायचं नाही," मी म्हटलं.

काका पुन्हा मोटरीकडे वळले. काकू म्हणाल्या, "बोलते तं मग पोरगी."

सरांशी मी इंग्रजीत बोलायची. त्या भाषेत मला धीर यायचा. तरी त्या दिवशी शब्द अडखळले. पाणी अडवण्याऐवजी पाण्याबरोबर किरण हलवू, ओल्या आणि कोरड्या भागाची आलटून पालटून मोजणी करू, असं मी सुचवलं.

"मचाणं रोज कोण हलवणार?"

"मी."

सरांनी चष्मा पुसला. उद्या बागेत येऊन बघतो, एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाटातून पाणी आळ्यांत भरलं. दुपारी कोरड्या ओळींवर रेघ केसाळ ब्रशसारखी रुंद आली. मग काकांनी आणि मी मचाणं ओढून ओल्या भागात नेली. काकू मागून कोणतं चाक कुठे अडतंय ते सांगत होत्या. ऊन तसंच होतं. तरी रेघ आखडून बारीक झाली.

सर म्हणाले, "पेन अडकलंय. बघ जरा."

मी पेन काढलं, पुसलं, परत बसवलं. रेघ बारीकच राहिली. मचाणं पुन्हा कोरड्या भागात नेली आणि ती परत फुगली; ओल्या जमिनीवरची हवाच कमी तापत होती. सरांनी कागदावर वाकून दोन्ही रेघा ताडून पाहिल्या. मग त्यांनी विचारलं, "उद्या पाणी कुठपर्यंत जाईल?"

"लाईट राहिली तर लिंबाच्या झाडापर्यंत," मी म्हटलं.

उन्हाळा लागेपर्यंत प्रबंधातलं ते प्रकरण लिहून झालं. बाबांनी लग्नाची तारीख विचारली तेव्हा मी त्यांच्यापुढे टंकलेली पानं ठेवली. त्यांनी ती उलटून पाहिली, रेघांची चित्रं आडवी-उभी धरली, आणि उरलेल्या प्रकरणांना किती महिने लागतील एवढंच विचारलं.