आबांची नाराजी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. गावच्या सोसायटीचा संचालक मी झालो, तो वडिलांची एक गोळी बंद करून.

नव्वद सालानंतरची गोष्ट. वडिलांना, म्हणजे आबांना, कंपवात होता. हात थरथरायचा, चेहरा थिजलेला. पारावर बसत, पण बोलत नसत. आमच्या पणदऱ्याच्या बाजूला वडीलधारा माणूस निवडणुकीच्या तोंडावर गप्प बसला, तर त्याला आजारी म्हणत नाहीत, नाराज म्हणतात. दोन्ही पॅनेलची माणसं घरी येऊ लागली.

"आबा, काय चुकलं आमचं? तोंडानं सांगा की!"

"मी रुसलो न्हाय रं. कशातच जीव लागंना."

"बघा, किती मनाला लावून घेतलंय!" त्यातल्या एका पॅनेलचे प्रमुख हळहळले. नाराजी काढायला मला तिकीट द्यायचं घाटू लागलं.

त्याच सुमारास बारामतीच्या डॉक्टरांनी थरथरीच्या औषधासोबत दुसरी गोळी दिली होती. म्हणाले, "नुसता चेहरा थिजलेला नाही, आतून माणूस खचलाय. हासुद्धा आजाराचाच भाग. ही गोळी मध्येच सोडू नका."

काही आठवड्यांनी आबा चहात साखर कमी म्हणून आईवर खेकसले. आई आनंदानं रडली. पुढं तर पारावर कुणाची तरी टिंगल करून हसलेही. पॅनेलप्रमुखांनी ते पाहिलं. "आबा खुशीत हायेत की! मग तुझ्या तिकिटाचं बघू निवांत."

मी घरी आलो आणि आईला सांगितलं, "ती गोळी डॉक्टरांनी थांबवलीय."

आबा पुन्हा गप्प झाले. जेवण टाकलं, भिंतीकडं तोंड करून पडू लागले. माणसं धावत आली. मला तिकीट मिळालं. गुलाल पडला. शाल-श्रीफळ मात्र आबांना दिलं. तेव्हा ते रडले, आणि ते आनंदाश्रू आहेत असं भाषणात सांगण्यात आलं. सांगणारा मीच होतो.

गोळी मी पुन्हा सुरू केली. गुण यायला उन्हाळा उजाडला. अंगणात बसून एकदा आबांनी विचारलं, "मधी काय झालं हुतं रं मला? लई वाईट गेलं. मरावं वाटायचं."

"आजारच तसा हाय, आबा."

"व्हय," ते म्हणाले. त्यांनी विश्वास ठेवला, आणि तो घेऊनच गेले.

आबांचा एक हिवाळा आणि एक खरं उत्तर मी देणं लागतो.